आंधळ्या खलाशाची दृष्टी
(जुबिली सोहळ्यात दिलेले व्याख्यान)



आम्हां गोंदियाच्या लोकांस समुद्र ठाऊक नाही. आमचे पाणी म्हणजे वैनगंगा, बाघ नदी आणि नवेगाव बांधचा तलाव. तरीही आज मी एका खलाशाची कथा सांगणार आहे. जुबिली म्हणजे केवळ वर्षांची मोजदाद नव्हे. जुन्या करारात जुबिलीचे वर्ष हे दासांच्या मुक्ततेचे वर्ष होते, आणि या खलाशाचे आयुष्य त्याच कार्यात खर्ची पडले.

एडवर्ड रश्टन १७५६ साली इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरी जन्मला व बालवयातच जहाजावर उमेदवारीस लागला. क्वामिना नावाच्या एका आफ्रिकी गुलामास त्याने वाचावयास शिकविले. पुढे एकदा त्यांची होडी उलटली. क्वामिनाच्या हाती तरंगते पिंप लागले होते. परंतु मित्र बुडतो आहे असे पाहून त्याने ते त्याच्याकडे ढकलले आणि स्वतः जलसमाधी घेतली. मित्रासाठी प्राण देण्याहून थोर प्रीती कोणती?

नंतर रश्टन डॉमिनिका बेटाकडे जाणाऱ्या गुलामवाहू जहाजावर होता. तळघरात कोंडलेल्या बंदिवानांत डोळ्यांची सांसर्गिक साथ पसरली. त्यांच्याजवळ जावयास कोणी धजेना. रश्टन मात्र अन्नपाणी घेऊन खाली उतरला, आणि विशी उलटण्यापूर्वीच आपली दृष्टी गमावून बसला.

घरी परतल्यावर वडिलांकडून आठवड्यास चार शिलिंग मिळत. त्यांतून तीन पेन्स देऊन तो एका मुलाकडून ग्रंथ वाचून घेई. १७८७ साली त्याने वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुखी बोल घालून काव्य प्रसिद्ध केले. लिव्हरपूलची श्रीमंती ज्या व्यापारावर उभी होती, त्याच व्यापारावर त्याच शहरात राहून त्याने शब्द उगारले. तरुणांस बळजबरीने आरमारात ओढून नेण्याच्या प्रथेचाही त्याने वृत्तपत्रातून निषेध केला. अंधांसाठी १७९१ साली लिव्हरपुलात जी शाळा निघाली, तिच्या उभारणीतही तो अग्रभागी होता. स्वातंत्र्याचे सेनानी वॉशिंग्टन स्वतः गुलाम का बाळगतात, असे त्याने १७९६ साली त्यांस पत्र लिहून विचारले. ते पत्र उत्तराविना परत आले. तेव्हा त्याने ते छापून प्रसिद्ध केले.

१८०७ साली शस्त्रक्रियांनी त्याची दृष्टी परतली. तीसहून अधिक वर्षे अंधारात काढल्यावर त्याने आपल्या पत्नीचे व मुलांचे मुख प्रथमच पाहिले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने गुलामांच्या व्यापारास बंदी केली. १८१४ साली तो निवर्तला.

बंधुजनहो, हा मनुष्य आपल्या पंथाचा नव्हता. पण भला शोमरोनी तरी कोठे आपल्यांतला होता? आपल्या संत पीटर क्लॅव्हर यांनी कार्टाजेनाच्या बंदरात हीच सेवा केली होती. आणि हेही कबूल केले पाहिजे की, गुलाम विकत घेणारे पुष्कळजण ख्रिस्ताचेच नाव घेत होते. त्यांचे डोळे शाबूत होते. दृष्टी तेवढी नव्हती.

आपल्या जिल्ह्यात भातगिरण्यांत पोती वाहणारे, रणरणत्या उन्हात तेंदूपत्ता तोडणारे आणि रात्री उशिरापर्यंत विड्या वळणारे हात आहेत. त्यांतले कित्येक आपल्या शेजारचेच आहेत. त्यांची मजुरी पुरी मिळते काय, त्यांची मुले शाळेत जातात काय, हे आपण कधी विचारतो काय? जुबिलीच्या मेणबत्त्या विझण्यापूर्वी प्रत्येकाने निदान एका घरी जाऊन हे विचारावे. प्रभू आपणां सर्वांस तशी दृष्टी देवो. आमेन.