उघडी छाती हा दोष नव्हे



कल्याणला जमलेल्या पक्षिपालकांनो, तुम्ही मला अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. प्रथेप्रमाणे मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. पण तो कार्यवाहांच्या अहवालात येऊन गेला आणि तो ऐकताना तुमचं लक्ष चहाकडे होतं, हेही मी पाहिलं. म्हणून मी एकच गोष्ट बोलणार आहे. कित्येक वर्षं ती पोटात आहे.

एका प्रदर्शनात मी माझा पीला असील कोंबडा ठेवला होता. परीक्षक आले, दीड मिनिट थांबले. पिंजऱ्याचं दारही उघडलं नाही. गुणपत्रिकेवर शेरा मारला : ‘छातीवर पिसं विरळ’. पहिलं बक्षीस गेलं पायघोळ पिसांच्या कोचीनला. कोचीन देखणा होता, त्याचं मला काही म्हणायचं नाही. पण कोचीनच्या मापाने असील मोजायचा अधिकार कुणी दिला?

असीलचं पीस आखूड, अरुंद, कडक. अंगाला घट्ट बसलेलं, खाली कापूस नाही. छातीच्या हाडावर लाल कातडी दिसते. दिसलीच पाहिजे. मऊ पिसांनी भरलेली छाती दिसली, तर मागे कुठे तरी दुसरं रक्त शिरलं असा संशय घ्यावा. ‘असील’ आणि आपला ‘अस्सल’ हे एकाच अरबी मुळातून आलेले शब्द आहेत. अस्सल असण्याची खूणच आपण दोषाच्या रकान्यात लिहितो.

कुणी म्हणेल, परदेशी मानकं पाळायला हवीत. पाळा की! इंग्लंडात पहिलं मानकपुस्तक निघालं १८६५ साली. आज त्यांच्याकडे कडक पिसांच्या पक्ष्यांचा वर्गच निराळा आहे, आणि तिथे असीलची उघडी छाती गुण म्हणून धरतात. आपण त्यांचं पुस्तक घेतलं, त्यातलं हे पान तेवढं वाचलं नाही. हाच असील समुद्रापार कॉर्नवॉलला गेला. त्याच्या रक्तातून ‘इंडियन गेम’, म्हणजेच कॉर्निश घडला, आणि आजच्या ब्रॉयलरच्या रुंद छातीमागे तोच कॉर्निश आहे. आपल्या नाक्यावरच्या दुकानात रोज तराजूवर चढतो, तो असीलचा दूरचा नातू. ज्या छातीवर आपण गुण कापतो, त्याच छातीचा वारसा जगाने उचलला.

आता दुसरा वाद. पिसावरची आडवी रेघ रक्तातली की सांभाळातली, यावर आपण दर वर्षी तासभर भांडतो. मी २६ जुलै २००५ सांगतो. उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं. डालगी माळ्यावर चढवली. तीन दिवस पिल्लांना मूठभर कण्यांपलीकडे काही मिळालं नाही, आणि ती ऐन पिसं धरण्याच्या वयात होती. पाऊस ओसरल्यावर पंख पसरून पाहिले, तर पिसांवर एका रांगेत फिकी रेघ, आणि तिथेच पीस मोडायचं. पीस वाढत असताना पोट रिकामं राहिलं की ती खूण ते पीस झडेपर्यंत जात नाही. एका जाणत्याने सांगितलं, खोट रक्तात आहे, काढून टाका. मी ऐकलं. चार तलंगा खाटकाकडे गेल्या. पाचवी बायकोने हट्टाने ठेवून घेतली. पुढच्या वर्षी तिची सगळी पिल्लं निर्मळ पिसांची निघाली. त्या चार तलंगांचं मला अजून वाईट वाटतं.

उलट, पंख उघडल्यावर बाहेरच्या दहा लांब पिसांच्या आणि आतल्या पिसांच्या मध्ये खिंड दिसली, तर ती रक्तातली. कितीही चांगला दाणा घाला, पुढच्या पिढीत ती डोकावणारच. उवांनी कुरतडलेलं पीस निराळं, ते मालकाच्या आळसाचं. आणि आदल्या रात्री चिमट्याने उपटलेलं भलत्या रंगाचं पीस, ते कुणाचं? तुम्ही हसलात, म्हणजे ठाऊक आहे. मी नावं घेत नाही. पण हे सारं पक्षी हातात घेतल्यावर कळतं, जाळीबाहेरून नाही.

प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने असीलसारख्या कोंबड्यांच्या झुंजी लावणं गुन्हा ठरलं, ते योग्यच झालं. पण झुंज गेल्यावर असील शुद्ध राखायला पाळणाऱ्यापाशी एक प्रदर्शन तेवढं उरलं. तिथेही त्याला टकला म्हणून हिणवलंत, तर लोक संकर करून छाती झाकतील. करू लागलेच आहेत.

करण्यासारखं पुष्कळ आहे. वाणवार दोषांची एक मराठी पुस्तिका हवी. परीक्षकांसाठी एक दिवसाचं शिबिर हवं, परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून कुणाला तरी बोलावता येईल. समिती नेमू. नावं जेवणानंतर ठरवू.

तोवर परीक्षकांना एवढीच विनंती. उद्या सकाळच्या प्रदर्शनात पिंजऱ्याचं दार उघडा, पक्षी हातात घ्या, दोन्ही पंख पसरून बघा. असीलची छाती उघडी दिसली तर गुण कापू नका. झाकलेली दिसली, तर मालकाला कारण विचारा.