मागावरचा तुटलेला धागा



११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ या स्वस्त टॅबलेटचे अनावरण झाले. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या आय.आय.टी.ने त्यावर ‘क्लिकर’ नामक सोय सिद्ध केली होती. प्राध्यापकांनी प्रश्न विचारावा, विद्यार्थ्यांनी उत्तराचे बटण दाबावे आणि किती जणांना समजले हे तत्क्षणी कळावे!

मागावर तुटलेला धागा तेव्हाच सांधावा लागतो. थान उतरल्यावर कळून काय उपयोग? महाविद्यालयात मात्र न समजलेले निकालाच्या दिवशी कळते, अन् वर्ष वाया जाते. भिवंडीतील मागच्या बाकावरची संकोची कन्या हात वर करीत नाही. बटण ती निश्चित दाबील.

‘आकाश’ मागे पडले. मोबाईल आज तिच्याजवळ आहे, पण तास सुरू होताच तो पिशवीत जातो.