पात्रता न पाहणारे प्रेम



स्वीडनमधील एका धर्मपंडितावर बुलढाण्यात व्याख्यान कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. आमचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच.

आंडेर्स नीग्रेन यांचा जन्म १८९० सालचा. १९२४ पासून ते लुंड विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९४८ ते १९५८ या काळात लुंडचे बिशप. १९४७ मध्ये लूथरपंथी चर्चचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९७८ साली ते निवर्तले.

प्रेमावरील त्यांचा ग्रंथ १९३० व १९३६ साली दोन भागांत निघाला. 'एरॉस' आणि 'अगापे' हे दोन ग्रीक शब्द त्याचा गाभा होत. दोहोंचा अर्थ प्रेमच. परंतु एरॉस वर चढणारे. जे सुंदर, जे थोर, त्याची त्याला ओढ. अगापे खाली उतरणारे. ते पात्रता पाहत नाही. ज्याच्यावर जडते त्यालाच मोल प्राप्त करून देते. या दोहोंची शतकानुशतके सरमिसळ झाली व लूथरने ती दूर केली, असे नीग्रेन यांचे प्रतिपादन आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानले जाते. महार म्हणून त्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही. पण परंपरा सांगते, की विठ्ठलच बाहेर येऊन त्यांच्याबरोबर ढोरे ओढू लागला. नीग्रेन यांचे अगापे याहून निराळे ते काय?

तरी येथे आम्ही अडखळतो. 'पात्रता नसली तरी देव तुझ्यावर प्रेम करतो,' हे वाक्य मानाच्या जागी बसलेल्याला नम्र करते. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अपात्रच ठरविले, त्याने ते कसे ऐकावे? चोखोबांचे मोल देवाने नव्याने निर्माण करावयाचे नव्हते. ते होतेच, माणसांनी नाकारले होते. शिवाय चोखोबांची विठ्ठलाची ओढ तर वर चढणारीच! तिला हलकी लेखण्यास आमचे मन धजत नाही.

१३३८ साली मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. ते मंदिर हरिजनांना खुले झाले १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशे नऊ वर्षांनी! देव उतरला होता, दार मात्र बंदच राहिले.

या बंद दाराविषयी नीग्रेन यांच्यापाशी एक उपयोगी विचार आहे. लूथरला अनुसरून ते म्हणतात, की माणूस ही केवळ नळी. वरून आलेले प्रेम तिच्यातून शेजाऱ्यापर्यंत वाहावे. आपण शेतकऱ्यांच्या भाषेत त्याला पाट म्हणू. पाट तुंबला आणि टोकाचे शेत कोरडे राहिले, तर दोष पाण्याचा नव्हे, आणि त्या शेताचा तर नव्हेच. गाळ आपण काढावयाचा असतो.