फुलांच्या दरीतील पाठशाळा
(व्याख्यानाचा मजकूर)



पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीने समाविष्ट करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. त्यानंतर पाठ्यपुस्तकांत धडे आले, परीक्षेत प्रश्न आले, प्रकल्पांच्या वह्याही भरू लागल्या. परंतु ज्या निसर्गाविषयी हे सारे लिहिले जाते, त्याच्यासमोर विद्यार्थ्याला उभे करण्याचे काम बऱ्याच अंशी अपुरेच राहिले आहे. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे जाणकार मार्गदर्शकासमवेत राष्ट्रीय उद्यानात केलेली शैक्षणिक पदभ्रमंती. उत्तराखंडातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणजेच फुलांची दरी हे तिचे बोलके उदाहरण आहे. मात्र ही भ्रमंती केवळ फुलांची नावे शिकवून थांबत नाही. संरक्षण कोणासाठी आणि कोणाच्या साह्याने, हा अवघड प्रश्नही ती विचारायला लावते.

चमोली जिल्ह्यातील ही दरी १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. तिचे क्षेत्रफळ ८७.५ चौरस किलोमीटर. शेजारच्या नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाला १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले होते. २००५ मध्ये फुलांच्या दरीचाही त्यात समावेश झाला. अलकनंदेच्या काठावरील गोविंदघाटातून पुलना गावावरून वर चढत गेले की घांघरिया लागते. तेथून एक वाट हेमकुंड साहिबकडे जाते, तर दुसरी तीन-चार किलोमीटरवरील दरीकडे. उद्यान जून ते ऑक्टोबर एवढेच महिने खुले असते आणि आत मुक्काम करण्यास मनाई आहे. सकाळी गेलेल्या माणसाने दिवस मावळण्यापूर्वी परतलेच पाहिजे.

मार्गदर्शकाचा पहिला पाठ जंगलातच सुरू होतो. उंची वाढत जाते तसे तापमान उतरते. दर हजार मीटरला साधारण सहा ते साडेसहा अंश सेल्सिअस, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य येथे झाडांच्या रूपाने वाचता येते. खाली देवदाराच्या कुळातले उंच सूचिपर्णी वृक्ष, त्यांच्या वर भूर्ज, त्याहून वर बुटके ऱ्होडोडेंड्रॉन आणि अखेरीस नुसती गवताळ कुरणे. भूर्जाची कागदासारखी सुटणारी साल दाखवताना मार्गदर्शक सांगतो की प्राचीन पोथ्या हिच्यावर लिहिल्या गेल्या. आणि लगेच बजावतो की ही साल कोणी ओढायची नाही.

पुढे पुष्पावती नदी आडवी येते. दरीच्या माथ्याकडील टिपरा हिमनदीतून ती निघते. पाणी दुधासारखे गढूळ का, असे मुले विचारतात. हिमनदी सरकताना खडक घासले जातात, त्यांचे पिठासारखे बारीक चूर्ण पाण्यासोबत वाहत येते, हे त्याचे उत्तर. दरीचा रुंद, पसरट तळही त्याच प्राचीन हिमाने कोरलेला आहे.

मग फुले सुरू होतात. पाचशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची येथे नोंद आहे. बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत अंकुरणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे उरकावे लागते, म्हणून दरी दर पंधरवड्याला रंग बदलते. निळी हिमालयीन अफू आयुष्यात एकदाच फुलते आणि बी टाकून मरते. अधिक उंचीवरच्या ब्रह्मकमळाभोवती कागदी पापुद्र्यांसारखी आवरणे असतात. थंडीपासून फुलांना ऊब देणारे ते जणू काचघरच. महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना दोन ओळखीचे चेहरे येथे भेटतात. पहिल्या पावसानंतर सह्याद्रीत उगवणाऱ्या सापकांद्याचे भाईबंद येथे फणा काढून उभे असतात. पुरेसे अन्न साठले की यातील अनेक झाडे नराची मादी होतात, हे ऐकून मुले चकित होतात. आणि गौरीच्या सणाला घरी येणाऱ्या तेरड्याचे हिमालयीन नातलग येथे डोक्याइतके उंच वाढलेले दिसतात. त्यांची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बिया उडवते, अगदी गावाकडच्या तेरड्यासारखीच. देशाचा नकाशा भिंतीवर पाहून जे कळत नाही, ते या एका शेंगेत कळते.

दरीत एक कबर आहे. वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी आलेल्या जोन मार्गारेट लेग या १९३९ मध्ये कड्यावरून घसरून येथेच मृत्यू पावल्या. त्याआधी १९३१ मध्ये कामेट शिखराच्या मोहिमेवरून परतताना फ्रँक स्माइथ येथे आले. १९३७ मध्ये पुन्हा येऊन त्यांनी पुढील वर्षी दरीवर पुस्तक प्रसिद्ध केले. ‘दरीचा शोध स्माइथ यांनी लावला’ असे अनेकदा लिहिले जाते. परंतु मार्गदर्शक हे वाक्य सौम्यपणे दुरुस्त करतो. मेंढपाळांना ही कुरणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शोध जगाला लागला. डोंगरातल्या माणसाला नव्हे.

येथेच भ्रमंतीतील सर्वांत महत्त्वाचा पाठ येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईला परवानगी नाही. त्यामुळे उद्यान घोषित झाल्यावर मेंढ्यांचे कळप थांबले आणि भ्यूंडार खोऱ्यातील कुटुंबांचे उन्हाळी कुरण गेले. पुढे दरीच्या काही भागांत ‘अमेला’ ही उंच, दाट वाढणारी वनस्पती पसरली. तिच्या सावलीत लहान फुलझाडांचा जीव गुदमरतो. ती परदेशी नाही, हिमालयातलीच आहे. चराई थांबली म्हणून ती माजली, असे काहींचे मत. तर भूस्खलनाने व पूर्वीच्या गुरांच्या तळांनी उघड्या पडलेल्या जमिनीवर ती फोफावली, असे इतर अभ्यासक म्हणतात. वन विभाग मजूर लावून ती उपटून काढतो. मार्गदर्शक मुलांना एका बाजूला अमेल्याचा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला मोकळा उतार दाखवतो, आणि उत्तर न देता विचारतो : कोणत्या बाजूला किती प्रकारची फुले दिसतात, मोजा. वर्गात फळ्यावर न मावणारा प्रश्न येथे हातभर अंतरावर उभा असतो.

कुरण गमावलेल्यांच्या पुढच्या पिढीला त्याच दरीत मार्गदर्शक म्हणून मानाने काम मिळावे, यातच संरक्षणाची खरी कसोटी आहे. घांघरियाच्या वाटेवरील कचरा गोळा करून खाली पाठवण्याचे काम ग्रामस्थांच्या पर्यावरण विकास समितीने अंगावर घेतले. हेमकुंडाच्या यात्रेकरूंची मोठी वर्दळ लक्षात घेता हे काम किती जिकिरीचे आहे, हे सहज कळावे. जून २०१३ च्या महापुराने गोविंदघाट ते घांघरिया ही वाट अनेक ठिकाणी वाहून नेली, भ्यूंडार गावाची अपरिमित हानी झाली आणि दरी त्या हंगामात बंद पडली. ज्यांचे उत्पन्न चार महिन्यांच्या हंगामावर अवलंबून, त्यांच्यासाठी तो दुहेरी आघात होता. पर्यटनावरच सारी भिस्त ठेवणे किती धोक्याचे, हेही त्यातून दिसले.

म्हणून अशा भ्रमंतीचे आयोजन करताना काही पथ्ये पाळावीत. गट लहान असावा, म्हणजे मागच्या मुलालाही मार्गदर्शकाचा शब्द ऐकू जाईल. मार्गदर्शक शक्यतो त्याच खोऱ्यातला असावा आणि त्याचा मोबदला आधीच ठरलेला असावा. त्याला शास्त्रीय प्रशिक्षण मिळावे. त्याचबरोबर वनस्पतींची स्थानिक नावे आणि उपयोग यांविषयीचे त्याच्या घरचे ज्ञानही नोंदले जावे. उंचीची सवय होण्यासाठी घांघरियात एक रात्र विश्रांती घ्यावी. आणि परतल्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या टेकडीवर तशीच मोजणी करावी. अन्यथा ही सहल आठवणींच्या छायाचित्रांपुरतीच उरेल.

संध्याकाळी दरीच्या फाटकाशी आत गेलेल्यांची नोंद ताडून पाहिली जाते. सर्व जण परतले, याची खात्री मार्गदर्शक करून घेतो. मुलांच्या पिशवीत एकही फूल नसते, वहीत मात्र पानभर आकडे आणि दोन-तीन न सुटलेले प्रश्न असतात. पर्यावरण शिक्षणाचे फलित याहून वेगळे ते काय असावे?