बाळ गप्प वाटलं, तर सकाळची वाट बघू नका

दुपारची भांडी आवरून जरा टेकला असाल. आज मी कर्जाच्या हप्त्याचं बोलणार नाही. आजचं बोलणं पोटातल्या बाळाचं आहे. ज्यांना सातवा, आठवा, नववा महिना चालू आहे त्यांनी ऐकावंच, पण घरातल्या सासूबाईंना आणि मालकांनाही जवळ बोलवा. कारण दवाखान्यात जायचं की नाही, हे बऱ्याच घरांत ती एकटी ठरवत नाही.

आधी माझं सांगते. अकरा वर्षांपूर्वी मला नववा लागला होता. घरी पुतण्याचं जावळ होतं, पाहुणे होते. दिवसभर चुलीपुढं होते. संध्याकाळी पाठ टेकली तेव्हा ध्यानात आलं, की कालच्या रात्रीपासून बाळ हललंच नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, बाळ गप्प वाटतंय." त्या म्हणाल्या, "दिवस भरत आले की जागा कमी पडते, मग ते शांतच होतं. झोप तू." त्यांनी मायेनंच सांगितलं. त्यांनाही त्यांच्या सासूनं तेच सांगितलं होतं. मी गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले आणि रात्र काढली. सकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी बराच वेळ मशीन फिरवलं. ठोके सापडले नाहीत.

रात्रीच गेले असते तर बाळ वाचलं असतं का, हे मला कोणी सांगू शकलं नाही. पण विचारायची वेळ मी घालवली, एवढं मला कळतं. म्हणून आज बोलतेय.

आता नीट ऐका. साधारण पाचव्या महिन्यात बाळाची हालचाल कळायला लागते. पहिलटकरणीला थोडी उशिरा कळते. ती वाढत वाढत आठव्या महिन्यापर्यंत जाते आणि मग तशीच राहते. शेवटी लाथ मारण्यापेक्षा वळणं, सरकणं, कोपर लागणं जास्त जाणवेल. पण दिवस भरले म्हणून हालचाल कमी होत नाही. कळा सुरू होईपर्यंत आणि कळा चालू असतानाही बाळ हलतं. "जागा कमी पडते म्हणून शांत होतं" हे खरं नाही.

बाळ पोटात झोपतं, हे खरं. पण ती झोप बहुतेक 20 ते 40 मिनिटांची असते, दीड तासाच्या वर क्वचितच जाते. हालचाल कमी होते तेव्हा कधी कधी बाळाला नाळेतून रक्त आणि प्राणवायू कमी पोचत असतो. मग ते ताकद राखायला हलणं कमी करतं. आईचा बीपी वाढलेला असेल, साखर असेल, बाळाची वाढ कमी असेल, तर ही भीती जास्त. मिश्री लावणाऱ्यांनो, तंबाखूनंही बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. ती सोडाच.

प्रत्येक बाळाची रीत वेगळी. कुणाचं रात्री नाचतं, कुणाचं आई जेवली की. आपल्या बाळाची रीत आपल्याला माहीत हवी. कामाच्या गडबडीत कळत नसेल तर जेवून डाव्या कुशीवर पडा, पोटावर हात ठेवा. वाटीत दहा शेंगदाणे घ्या. बाळ हललं की एक दाणा बाजूला ठेवा. उचकी धरू नका. दोन तासांत दहा दाणे संपले नाहीत, तर त्याच वेळी निघा. आणि हालचाल अजिबातच नसेल, किंवा एकदम कमी झाली असेल, तर दोन तास मोजतही बसू नका. दहा झाले, तरी मन म्हणतंय की नेहमीसारखं नाही, तरीही जा.

दवाखान्यात काय करतात? ठोके ऐकतात, बीपी बघतात, पोट मोजतात. पोटाला पट्टे बांधून वीसेक मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. गरज वाटली तर सोनोग्राफी करून पाणी आणि वाढ बघतात. नुसते ठोके लागले म्हणून सगळं ठीक, असं नसतं. पट्ट्याचं मशीन सगळीकडे नसतं, म्हणून कुठं जायचं ते आशाताईंना आजच विचारून ठेवा. तपासून घरी पाठवलं आणि पुन्हा कमी वाटलं, तर पुन्हा जा. "कालच तर आली होती" असं कुणी म्हणालं तरी लाजू नका. बहुतेक वेळा सगळं चांगलंच निघतं. रिकामा हेलपाटा झाला, तर तो आनंदाचा हेलपाटा समजा.

गाडीसाठी 102 किंवा 108 लावा. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, औषधं, बाळंतपण, ऑपरेशन आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. माता-बाल कार्ड बरोबर घ्या. कितवा आठवडा आणि हालचाल कधीपासून कमी, हे दोनच शब्द आधी सांगा.

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत एक सून सही करता करता हळूच म्हणाली, "ताई, सकाळपासून बाळ झोपल्यागत वाटतंय." आठवा सरत आला होता तिचा. मी काही बोलायच्या आत माझ्या सासूबाई उठल्या. त्याही गटात आहेत. म्हणाल्या, "गाडी बोलवा. आधी गाडी बोलवा." आणि स्वतः तिच्याबरोबर बसल्या. आलेख बरा नव्हता, पाणी कमी झालं होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोन किलो शंभर ग्रॅमची. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता बैठकीत वहीवर रांगत येते आणि सह्या पुसते.

तेव्हापासून आमच्या गटानं ठराव केला आहे. सातवा लागला की बाईच्या कार्डावर दोन गाडीवाल्यांचे नंबर लिहायचे, आणि पेटीतले दोन हजार रुपये तिच्यासाठी बैठकीची वाट न बघता द्यायचे. तुमच्या गटातही हा विषय घ्या.

आणि सुनेनं "बाळ गप्प आहे" म्हटलं, तर घरातल्यांनो, तिला झोप म्हणू नका. तिच्याबरोबर निघा.