आधी स्प्रिंग, मग ट्रेमोलो

वारासिवनीत गणपतीच्या मंडपात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुलं प्रोसेसर वापरतात. त्यात स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगचा घुमारा असतो, ट्रेमोलोही असतो. तरी साठच्या दशकातल्या रेकॉर्डवरचा तो ओलसर, हेलकावणारा आवाज काही निघत नाही. तो निघू शकतो, आणि त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

स्प्रिंगची कथा टेलिफोनपासून सुरू होते. लांब तारांमधून बोलणं पोचायला लागणारा वेळ अभ्यासण्यासाठी अमेरिकेतल्या बेल लॅब्जने स्प्रिंग वापरली. लॉरेन्स हॅमंड यांनी घुमाऱ्यासाठी ती आपल्या ऑर्गनमध्ये घातली. फेंडर कंपनीने 1961 मध्ये गिटारसाठी स्प्रिंगची वेगळी पेटी काढली, आणि 1963 मध्ये व्हायब्रोव्हर्ब या अॅम्पमध्ये स्प्रिंग आतच बसवली.

पत्र्याच्या लांबट डब्यात दोन-तीन स्प्रिंगा ताणलेल्या असतात. एका टोकाच्या कॉइलमधून गिटारचा सिग्नल गेला, की चिमुकलं चुंबक हलतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. तो पीळ दुसऱ्या टोकाला पोचतो, परततो, पुन्हा जातो. उंच आणि खालचे स्वर स्प्रिंगमधून एकाच वेगाने जात नाहीत. म्हणून तार जोरात छेडली, की थेंब पडल्यासारखा 'टुपुक' आवाज येतो. फेंडरच्या त्यानंतरच्या अॅम्पमध्ये स्प्रिंगकडे जाणारा बेस आधीच कापलेला असे. तुम्हीही रिव्हर्बकडे जाणारा बेस कापा, आवाज गढूळ होणार नाही.

ट्रेमोलोत आवाज ठरावीक गतीने लहान-मोठा होतो. फेंडरच्या या नंतरच्या अॅम्पमध्ये त्यासाठी निऑनचा बारका दिवा लुकलुकायचा. समोर उजेडाबरोबर रोध बदलणारा एलडीआर, आणि दोन्ही काळ्या नळीत बंद. रोध बदलला, की आवाज कमी-जास्त व्हायचा.

आता खरी गोम. पेडलवाले बहुधा ट्रेमोलो आधी लावतात आणि रिव्हर्ब शेवटी. मग ट्रेमोलोने पाडलेल्या फटी रिव्हर्ब बुजवून टाकतो. त्या अॅम्पमध्ये क्रम उलटा होता: स्प्रिंगचा आवाज मूळ आवाजात मिसळल्यावर ट्रेमोलो लागायचा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये या दोन इफेक्टच्या ब्लॉकची अदलाबदल करता येते. केल्यावर एकच कॉर्ड छेडा, हात काढून घ्या आणि कान द्या. विरत जाणारा रिव्हर्बही शेवटपर्यंत थरथरत असेल, तर क्रम जमला.