विमा खाटेचा, खर्च गोळ्यांचा

समोर साठी ओलांडलेली मंडळी बरीच दिसताहेत, तेव्हा थेट मुद्द्यालाच हात घालतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील, तर दोघांत मिळून ५ लाख. ही मोठी गोष्ट आहे. पण हा पैसा रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. औषधांपुरतं बोलायचं, तर दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात धरले जातात. सोळाव्या दिवसापासून बीपीची, शुगरची, रक्त पातळ ठेवणारी गोळी पदरच्या पैशांनी आणायची. खासगी मेडिक्लेममध्ये हे दिवस वाढतात, तत्त्व मात्र बहुधा तेच.

म्हातारपणाचं आजारपण असं दाखल होऊन संपत नाही. सकाळी एक, रात्री दोन, असं ते शेवटपर्यंत चालतं.

आणि या गोळ्या महाग का होतात? पूर्वी अत्यावश्यक औषधाची कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरायची. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने ती पद्धत सोडली. आता बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. बाजारच महाग असेल, तर सरासरी स्वस्त कुठून येणार? पुढे घाऊक महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी वाढ: २०२२ मध्ये १०.७ टक्के, २०२३ मध्ये १२.१ टक्के. अत्यावश्यक औषधांच्या यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर कंपनीला वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. १०० रुपयांची स्ट्रिप अशाने ७ वर्षांत १९५ रुपयांवर जाऊ शकते, आणि तेही पूर्णपणे कायद्याच्या चौकटीत.

हा भार सगळ्यांवर सारखा नाही. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये सुरू झालेली सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे. वर्गणी भरली की तिच्या दवाखान्यातून रोजची औषधंही मिळतात. म्हणजे ही व्यवस्था आपल्या देशाला जमते, कित्येक दशकं जमते आहे. पण साखर कारखान्यातून, एस.टी.तून निवृत्त झालेल्यांचं काय? त्यांच्या ईपीएस ९५ या पेन्शन योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरलं. त्यात किराणा आणायचा की गोळ्या? मग माणसं मेडिकलवाल्याला सांगतात, पूर्ण स्ट्रिप नको, पाचच गोळ्या कापून द्या. कुणी दिवसाआड घेतं, कुणी अर्धी करून घेतं. घरच्यांना सांगत नाहीत, मुलावर बोजा नको म्हणून. याचा मला फार त्रास होतो. कारण बीपीची गोळी सुटली आणि त्यातून अर्धांगवायूचा झटका आला, की हाच विमा पुढे येतो आणि गोळीच्या शेकडोपट बिल भरतो.

जनऔषधी केंद्रांचा उपयोग आहेच, सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तिथे औषधं ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. पण स्वस्त म्हणजे मोफत नव्हे, आणि चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असलं की वयस्कर माणूस बदल करायला धजावत नाही.

तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं सरकारी कार्यकर्त्या घरी आणून देतात. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा अर्ज भरून या आजारांचा धोका नोंदवतातच. त्यांना योग्य मोबदला देऊन त्याच फेरीत महिन्याच्या गोळ्याही पोचवता येतील. आणि आयुष्मानच्या शस्त्रक्रियांच्या पॅकेजांशेजारी सत्तरीपुढच्यांच्या मासिक औषधांचं एक पॅकेज हवं. आपापल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या सभेत हा ठराव मांडा आणि आमदार-खासदारांच्या हातात नेऊन द्या. मसुदा करायला मी येतो.